पोटुशीचा घोर

१९९८च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सलग पाच-सहा दिवस पाऊस लागून राहिला. त्या महिन्यात तिथे खरं तर हिम पडायचं. पण वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत गोठवणारी थंडी असा मेळ जमला. थेंब पाण्याचा म्हणून खाली यायचा आणि टेकल्या जागी बर्फ होऊन बसायचा. फांदीवर, छपराच्या कडेवर, विजेच्या तारेवर. एकावर एक कवचं चढत तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या. त्या ओझ्याने आधी झाडं मोडली, मग खांब, आणि शेवटी अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचे पोलादी मनोरे गुडघ्यात वाकल्यासारखे एकापाठोपाठ कोसळले. असे हजारभर मनोरे आडवे झाले. तीसेक लाख माणसं अंधारात गेली. आणि तिथे अंधार म्हणजे नुसता अंधार नव्हे. क्वेबेकमधली बहुतेक घरं विजेवर तापतात, त्यामुळे वीज गेली की ऊब गेली. कुणाची वीज काही तासांत परतली, कुणाची चाळीस दिवस उलटल्यावर.

या माणसांत गरोदर बायकाही होत्या. कुणाला नुकतेच दिवस गेलेले, कुणाचे भरत आलेले. कुणी नातेवाइकांच्या चुलीच्या खोलीत गादी टाकून राहिली, कुणी सार्वजनिक निवाऱ्यात शेकडो अनोळखी माणसांत पडून राहिली.

मॉन्ट्रियलच्या डग्लस रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या सुझान किंग यांना या बायकांमध्ये एका जुन्या प्रश्नाचं उत्तर शोधायची वाट दिसली. गरोदरपणी जी आई सतत धास्तावलेली असते तिचं मूलही पुढे भित्रं, चिंतातुर निघण्याची शक्यता जास्त, हे अनेक पाहण्यांत दिसत होतं. पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. चिंतेचा स्वभाव आईकडून रक्तातून आला असेल. किंवा चिंताग्रस्त आईच्या हाताखाली वाढल्याने आला असेल. पोटात असताना पोचलेल्या ताणाचा वाटा यातून वेगळा काढायचा कसा? गरोदर बायकांच्या चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जणींना मुद्दाम संकटात लोटणं कुणालाही शक्य नाही आणि कुणी करूही नये. बर्फवादळाने नेमकं तेच करून ठेवलं होतं. कुणाच्या घराकडे जाणारा खांब पडला आणि कुणाचा उभा राहिला, याचा त्या बाईच्या स्वभावाशी काडीचाही संबंध नव्हता.

जून १९९८मध्ये किंग यांच्या गटाने या बायकांना टपालाने प्रश्नावली पाठवली. तिचे दोन भाग होते आणि माझ्या मते या सगळ्या कामातली खरी हुशारी तिथेच आहे. पहिल्या भागात घडलेल्या गोष्टी: किती दिवस वीज नव्हती, किती वेळा घर सोडावं लागलं, इजा झाली का, मिळकत बुडाली का. धोका, नुकसान, व्याप आणि बदल अशी चार खाती, प्रत्येकाला ८ गुण, एकूण ३२. दुसऱ्या भागात मनात काय झालं ते: झोपमोड होते का, तेच तेच डोळ्यांसमोर येतं का, दचकायला होतं का. म्हणजे बाईवर काय ओढवलं हे एका खात्यावर आणि तिने ते किती मनाला लावून घेतलं हे दुसऱ्या खात्यावर. आपण बोलताना या दोन्हींना 'टेन्शन' म्हणतो आणि मोकळे होतो.

पुढे वर्षानुवर्षं ही मुलं तपासली गेली. दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांची भाषा आणि समज पाहिली, साडेपाचव्या वर्षी पुन्हा पाहिली. आईला वादळाची झळ जितकी जास्त लागली होती तितके मुलाचे गुण सरासरीने कमी होते. फरक अगदी दांडगा नव्हता आणि मुलांची संख्याही काही हजारांत नव्हती; तरी तो पुन्हा पुन्हा दिसत राहिला. मुलं १३ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात. त्या जनुकाचा मजकूर बदलत नाहीत, पण ते जनुक किती मोठ्याने वाचलं जावं यावर त्यांचा हात असतो. २०१४मध्ये निष्कर्ष छापून आला: या खुणांची मांडणी आईने काढलेल्या हालांशी, म्हणजे बिनविजेच्या दिवसांशी आणि तशाच गोष्टींशी जुळत होती. तिला किती वाईट वाटलं होतं याच्याशी जुळत नव्हती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. याचा अर्थ मनाचा काही संबंध नाही असा नाही. इतर काही पाहण्यांत दुसऱ्या खात्याचाही परिणाम दिसला आहे. पण बाईने खंबीर राहून, हसतमुख राहून सगळं निभावलं म्हणून अंगावर आलेली थंडी, ओढाताण, विस्थापन हिशेबातून वजा होत नाही, एवढं त्यातून निश्चित कळतं.

आता हे बाळापर्यंत पोचतं कसं, ते पाहू. आई आणि बाळ यांच्या मज्जातंतूंचा एकमेकांशी थेट धागा नाही. आईच्या मनातला विचार बाळाच्या मेंदूत शिरत नाही. मधे आहे ती वार. आपण घाबरतो किंवा कसला घोर लागतो तेव्हा मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. गरोदरपणात ते एरवीही बरंच वाढलेलं असतं आणि दिवस भरत येतात तेव्हा बाळाची फुप्फुसं पक्व व्हायला ते लागतंही. पण वेळेआधी आणि नको तितकं आलं तर वाढत्या मेंदूला ते जड जातं. म्हणून वारेत एक राखणदार ठेवलेला आहे. तो एक एन्झाइम असून आईकडून येणारं बहुतेक कॉर्टिसॉल तो जागच्या जागी कॉर्टिसोनमध्ये बदलतो, म्हणजे निष्क्रिय करून टाकतो. त्यामुळे बाळाच्या रक्तात कॉर्टिसॉलची पातळी आईपेक्षा कितीतरी कमी राहते.

राखणदार दमला तर? २०१२मध्ये लंडनच्या संशोधकांनी ठरवून सिझेरियन होणार असलेल्या बायकांना आदल्या दिवशी चिंतेबद्दलची प्रश्नावली दिली आणि बाळंतपणानंतर त्यांच्या वारेचे तुकडे तपासले. जिची चिंता जास्त, तिच्या वारेत हा एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाचं काम कमी आढळलं. ताण दोन्हीकडून मारतो, तो असा. एकीकडे कॉर्टिसॉल वाढतं आणि दुसरीकडे ते अडवणारं दार सैल होतं.

याच दाराची आणखी एक साक्ष फिनलंडमधून मिळाली आणि तिचा ताणाशी संबंधच नव्हता. तिथले लोक जेष्ठमधाच्या काळ्या गोळ्या फार आवडीने खातात. आपल्याकडे घसा बसला की चघळतात ते हेच जेष्ठमध. त्यातलं ग्लायसिरायझिन नेमक्या या एन्झाइमला रोखतं. ज्या बायकांनी गरोदरपणी या गोळ्या खूप खाल्ल्या होत्या, म्हणजे आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लायसिरायझिन त्यांच्या पोटात गेलं होतं, त्यांची मुलं आठव्या वर्षी तपासली. भाषा आणि आकलनाच्या चाचण्यांत ती मागे होती आणि वागण्यात जास्त आक्रमक होती. हा अहवाल २००९चा. तिथे गरोदर बायकांना आता अशा गोळ्या फार न खाण्याचा सल्ला दिला जातो. खोकल्यासाठी कधी एखादी कांडी चघळणाऱ्या बाईने घाबरून जावं असं यात काही नाही. ताण नसतानाही दार सैल झालं की परिणाम दिसतो, हे यातून समजलं आणि अभ्यासकांच्या दृष्टीने मोल त्याचं आहे. अर्थात दार एकच नाही. गर्भाशयाचा रक्तपुरवठा, शरीरातला दाह अशा आणखी वाटांचाही अभ्यास सुरू आहे.

प्राण्यांवरचं काम याहून जुनं आहे. १९५७मध्ये विल्यम थॉम्प्सन यांनी उंदरांच्या माद्यांना एक आवाज आला की विजेचा झटका बसतो हे शिकवलं, आणि शेजारचं दार उघडून पळालं की झटका चुकतो हेही शिकवलं. नंतर त्या गाभण राहिल्या. मग रोज तो आवाज करायचा, दार बंद ठेवायचं आणि झटका मात्र द्यायचा नाही. मादीच्या अंगाला काहीच होत नव्हतं, फक्त धास्ती. त्यांची पिल्लं मोकळ्या जागेत सोडली की इतरांपेक्षा बुजरी, जागच्या जागी थिजणारी निघाली. पुढे फ्रान्समधल्या प्रयोगशाळांनी यातले दुवे एकेक करून उलगडले. गाभण मादीला रोज काही वेळ अरुंद नळीत कोंडून ठेवलं तर तिच्या पिल्लांमध्ये ताणाचं संप्रेरक चढलं की लवकर उतरत नाही. उतरवायचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे असतं; आता पुरे, असा निरोप तिथून जातो. या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे संप्रेरक ओळखणारी केंद्रंच कमी भरली. म्हणजे गाडी ठीक, ब्रेक ढिला. याच शास्त्रज्ञांनी केलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी अशी पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच दुसऱ्या मादीच्या कुशीत दिली. तिने त्यांना जास्त चाटलं, जास्त सांभाळलं, आणि तो बिघाड मोठेपणी दिसलाच नाही. हा प्रयोग १९९५चा आहे.

माणसाच्या मेंदूत काय दिसतं? कानाच्या थोडं आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. धोका हुंगायचं काम त्याचं. कॅलिफोर्नियात क्लाउडिया बुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचं कॉर्टिसॉल ठरावीक आठवड्यांना मोजून ठेवलं आणि सात वर्षांनी त्यांच्या मुलांचे एमआरआय काढले. पंधराव्या आठवड्याच्या सुमाराला जिचं कॉर्टिसॉल जास्त होतं तिच्या मुलीचा उजवा अमिग्डाला मोठा होता आणि तिच्यात भावनिक अडचणीही जास्त होत्या. मुलग्यांमध्ये हे दिसलं नाही. का, याचं पुरतं उत्तर अजून हाती नाही. मुलगी आणि मुलगा यांची वार ताणाला सारखी वागत नाही, असं मानायला आधार आहे.

आकार झाला, आता प्रत्यक्ष चालणारं काम. हॉलंडमधल्या टिलबर्ग विद्यापीठात नऊ महिन्यांच्या बाळांना डोक्यावर विद्युतसंवेदकांची मऊ टोपी घालून आवाज ऐकवले. एकच साधा आवाज पुन्हा पुन्हा, मधेच एखादा वेगळा. मेंदूचा एक मोठा गुण म्हणजे ओळखीच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं. पंख्याची घरघर पाच मिनिटांनी आपल्याला ऐकूच येत नाही, ती याचमुळे. गरोदरपणी जास्त चिंतेत असलेल्या आयांच्या बाळांचा मेंदू त्या नेहमीच्या आवाजालाही जोरात प्रतिसाद देत राहिला, जणू दर वेळी दार वाजतंय आणि दर वेळी उठून बघायला हवं. चिंताग्रस्त माणसाला विचारा, तो आपल्या दिवसाचं वर्णन जवळपास असंच करील.

इथवर वाचून एखाद्या पोटुशी बाईच्या छातीत धडधड सुरू झाली असेल, तर तिने पुढचे आकडे नीट पाहावेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली सुमारे १४ हजार गरोदर बायकांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. गरोदरपणी सर्वाधिक चिंतेत असलेल्या १५ टक्के आयांच्या मुलांपैकी, मुलं १३ वर्षांची होईपर्यंत, सुमारे १२ टक्क्यांमध्ये मानसिक विकाराची लक्षणं आढळली. बाकीच्या आयांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के. मथळ्यात छापायचं तर 'धोका जवळपास दुप्पट', आणि ते खोटं नाही. पण सर्वांत जास्त घोरात दिवस काढलेल्या आयांच्याही शंभरातल्या ८८ मुलांना असं काही झालं नाही, हे त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

शिवाय ब्रिटनमध्येच २०१०मध्ये एक चतुर अभ्यास झाला. कृत्रिम गर्भधारणेत काही बायका दात्या स्त्रीच्या बीजापासून गर्भ वाढवतात. पोट आईचं, पण जनुकं दुसरीची. अशी मुलं आणि आईच्याच बीजाची मुलं यांची तुलना केली. जन्माचं वजन आणि पुढचं आडदांड वागणं यांचा गरोदरपणातल्या ताणाशी संबंध दोन्ही गटांत दिसला, म्हणजे तो पोटातल्या वातावरणाचा. चंचलतेच्या विकाराचा संबंध फक्त आईच्याच बीजाच्या मुलांत दिसला, म्हणजे तो जनुकांचा. आणि मुलांच्या चिंतेचा? आईची आजची मनःस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराचसा तिच्याकडेच वळला. म्हणजे गर्भातला ताण ही पुढच्या चिंतेमागची एकुलती एक तार नाही. बाळ झाल्यावर आई कशी आहे, याचंही वजन मोठं. आणि रोजची धावपळ, कामाचा ताण, अधूनमधून होणारी चिडचिड? बाल्टिमोरच्या जॅनेट डिपिएत्रो यांनी धडधाकट, सुस्थितीतल्या गरोदर बायका पाहिल्या. ज्यांना बेताचा ताण होता त्यांची मुलं दुसऱ्या वर्षी थोडी पुढेच होती.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या डोहाळजेवणाला गेले होते. झोपाळ्याला शेवंतीच्या माळा, ती हिरव्या साडीत, दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकलेली. तिने बर्फीची वाटी उचलली तेव्हा हसले सगळेच, पण एकदोन चेहरे किंचित उतरले. ओटी भरताना प्रत्येक बाई एकच सांगत होती: आनंदात राहा हं, बाळावर परिणाम होतो. नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "मावशी, मी रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. नोकरीचं काय होईल कळत नाही. आणि मग त्याचाच घोर लागतो, की मी काळजी करतेय म्हणून बाळाचं वाईट होईल का गं?"

अभिमन्यूची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती चक्रव्यूहाची म्हणून. बाहेर पडायची विद्या त्याला कळली नाही, कारण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली. पोटुशी बाईला डोळा लागला, यात नवल ते काय? तरी पिढ्यान्‌पिढ्या गोष्टीतली चूक तिच्या नावावर चढलेली आहे. आज गर्भसंस्कारांची पुस्तकं, ध्वनिफिती आणि शिबिरं यांच्या गर्दीत मला तोच सूर ऐकू येतो. चांगलं ऐक, चांगलं वाच, वाईट मनात आणू नकोस. संगीत ऐकून तिला बरं वाटत असेल तर जरूर ऐकावं. पण वारेपाशी पोचतं ते रक्त, आणि त्या रक्तात काय असेल हे तिच्या पुस्तकाच्या निवडीपेक्षा तिच्या झोपेवर, जेवणावर, घरातल्या भीतीवर आणि महिन्याच्या पैशांवर फार जास्त ठरतं.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांची, बाळंतपणाआधी आणि नंतरही, पाहणी केली होती. ती २००२मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांत नैराश्य आढळलं. आपण त्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो. पण त्यांच्यापैकी ७८ टक्के जणी गरोदर असतानाच मनाने खचलेल्या होत्या. कारणं शोधली तेव्हा निघालं ते हे: गरिबी, पोटभर अन्न नसणं, नवऱ्याशी बिनसलेलं, मारहाण. आणि यातलं काही आधीच असताना मुलगी झाली, तर धोका आणखी वाढत होता. वाटीखालची बर्फी पुन्हा आठवली. यातली एकही गोष्ट त्या बाईने मनाला समजावून सुटण्यासारखी नाही.

मग सुटतं कशाने? याचं एक उत्तर पुन्हा एका आपत्तीतूनच मिळालं. जानेवारी २०११मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात मोठा पूर आला. किंग आणि तिथल्या सहकाऱ्यांनी पुरात सापडलेल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा सुरू केला. योगायोग असा की शहरातल्या एका प्रसूती रुग्णालयात त्याआधीपासूनच दोन प्रकारची देखभाल चालू होती. काही बायकांना नेहमीसारखी, दर तपासणीला नवा चेहरा. काहींना पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत एकच प्रशिक्षित सुईण, ओळखीची, फोनवर भेटणारी. नेहमीच्या देखभालीत पुराची झळ जितकी जास्त तितकी बाळंतपणानंतरची चिंता आणि उदासी जास्त होती. एकाच सुईणीकडे असलेल्या बायकांमध्ये तीच झळ बोथट झाली होती. त्यांची बाळं सहा महिन्यांची झाल्यावर तपासली तेव्हा त्यांच्या विकासातही या सोबतीचा फायदा दिसला. पूर तोच होता, आणि घरात शिरलेलं पाणीही तेच.

भाचीला त्या दिवशी मी यातलं काही सांगितलं नाही. तिच्या सासूबाई आणि मी मिळून रात्रीचं जेवण आणि डबा आमच्याकडे घेतला, आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांना मी सोबत गेले. नंबर यायला दीड-दीड तास लागायचा. बाकावर बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती गाढ झोपायची. नाव पुकारेपर्यंत मी तिला उठवत नसे.